दोनदा वारलेले मास्तर

समस्त आप्तेष्ट, स्नेही, शेजारी आणि मस्कतजवळच्या अल अमेरातमधल्या आमच्या गल्लीतल्या बकऱ्यांना कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे पणजोबा, लवंगांच्या बेटावरच्या एका खोलीच्या शाळेचे एकुलते एक मास्तर, हे दोन वेळा वारले. पैकी पहिल्या वेळी काही अपरिहार्य कारणामुळे ते स्वतः हजर राहू शकले नाहीत. दुसऱ्या वेळी आमच्यापैकी कोणी हजर नव्हतं. अशी दोन्ही बाजूंनी फिट्टंफाट झाली. तरी घरातलं सुतक काही फिटलं नाही.

बकऱ्यांचा उल्लेख मी गंमत म्हणून केलेला नाही. त्यांचाही या प्रकरणात वाटा आहे.

गोष्टी सांगायची मला हौस आहे. नवरा म्हणतो, तू शोकसभेतसुद्धा टाळ्या घेशील. गाला नावाच्या औद्योगिक भागातल्या एका कंपनीत मी एसीच्या सुट्या भागांची खरेदी बघते, आणि कॉम्प्रेसर वेळेवर आला नाही ही बातमी सुद्धा मी अशी सांगते, की आमचा अर्बाब, म्हणजे मालक, आधी हसतो आणि मग रागावतो. पण ही गोष्ट मी फारशी सांगत नाही. कारण हिच्यात हसणारे सगळे आहेत, आणि ज्याने हसायला हवं होतं तो एकच माणूस हसला नाही. तो माणूस म्हणजे माझे वडील.

अण्णा एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. तालुक्याच्या स्थानकावर उभं आयुष्य गाड्या सोडण्यात गेलं. अजूनही घरात कोणी बाहेर पडलं की ते घड्याळाकडे बघतात, आणि यायला उशीर झाला की कोणी विचारायच्या आत म्हणतात, "गाडी उशिरा धावते आहे." आई गेल्यावर मी त्यांना मस्कतला आणलं. भाऊ अमेरिकेत, त्याच्याकडची थंडी अण्णांना सोसत नाही. आणि लेकीच्या घरी पाणीसुद्धा पिऊ नये अशा पिढीतला हा माणूस. पहिले काही दिवस स्वयंपाकघरात येऊन ओशाळल्यासारखं विचारायचे, "बयो, चहा टाकतेस काय? नसशील टाकत तर राहू दे."

हृदय अशक्त झालेलं. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केला. म्हणजे गाव संपलं, हे त्यांना कळलं आणि मलाही. त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही. ते बोलायचे एकाच विषयावर: त्यांचे आजोबा कधी वारले, आणि त्यांना अग्नी कोणी दिला.

आता इथे मला थोडं मागे जायला हवं.

अण्णांचे आजोबा, म्हणजे माझे पणजोबा, कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावी बिगरीला आणि पहिलीला शिकवायचे. मुलगा रांगायला लागला होता तेव्हा कोणा व्यापाऱ्याने निरोप आणला, की आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ पेंबा नावाचं बेट आहे, तिथे एका खेड्यात आपल्या देशातली दुकानदार माणसं आहेत, त्यांच्या पोरांना हिशेब आणि दोन अक्षरं इंग्रजी शिकवायला माणूस हवा. मास्तर तयार झाले. तिकडेही साहेबाचंच राज्य, इकडेही साहेबाचंच. त्यामुळे आपण देश सोडतोय असं त्यांना बहुधा वाटलंच नाही. गावाला मात्र वाटलं. समुद्र ओलांडला म्हणजे आल्यावर प्रायश्चित्त घ्यावं लागेल, असं त्यांना वेशीपर्यंत पोचवायला आलेल्या प्रत्येकाने आठवणीने सांगितलं. माझ्या पणजीने काय सांगितलं, ते कोणालाच माहीत नाही. तेव्हा बायका वेशीपर्यंत जात नसत.

काही वर्षं पत्रं आली. लवंगांचा वास गावभर येतो, पोरं द्वाड आहेत, पाऊस आपल्याकडच्यासारखाच, आणि शेवटी दरवेळी तेच: पुढच्या वर्षी येतो. मग पत्रं थांबली.

आमच्यात माणूस बेपत्ता झाला आणि बारा वर्षं त्याची काही खबर आली नाही, तर तो गेला असं धरतात. नुसतं धरून भागत नाही. त्याचं दहन करावं लागतं, आणि दहनाला शरीर लागतं. म्हणून पळसाच्या पानांचं शरीर करतात. डोक्याच्या जागी नारळ. बारा वर्षं सरली तशी भाऊबंद जमले, त्यांनी पानांचा मास्तर केला, तिरडीवर बांधला आणि खाडीकाठी जाळला. कामं उरकायची आमच्या घराण्याला फार आवड. मग त्यांनी माझ्या पणजीला माजघरात बसवलं, न्हावी बोलावला, आणि तिचे केस काढले. तांबडं आलवण नेसून ती बाहेर आली तेव्हा पस्तिशीची असेल. अण्णांनी तिला आयुष्यभर त्याच तांबड्या रंगात पाहिलं. ते तिच्याच कुशीत वाढले.

ज्या दिवशी पानं जाळली, त्याच तिथीला दरवर्षी श्राद्ध व्हायला लागलं. आणि श्राद्धाच्या दिवशी ही म्हातारी एक गोष्ट करायची. ब्राह्मण जेवून उठले की पाण्याने भरलेला तांब्या घेऊन ती फाटकाबाहेर जायची, वाटेच्या कडेला ठेवायची आणि कोणी वाटसरू तो पिईपर्यंत माडाला टेकून उभी राहायची. लहानपणी अण्णांनी विचारलं, आजी, हे कशाला? तर म्हणाली, "असतं तसं." जाण्यापूर्वी तिने अण्णांना एवढंच बजावलं, की बाकी काही चुकलं तरी चालेल, तांब्या चुकवू नकोस.

त्यामुळे हे शास्त्रच आहे, असं अण्णा धरून चालले. मस्कतला आल्यावरही श्राद्ध सुटलं नाही. आता लेकीच्या घरी श्राद्ध करावं का, यावर गावाकडच्या गुरुजींशी व्हिडिओ कॉलवर दोन दिवस खल झाला. शेवटी गुरुजी म्हणाले, "करा अण्णा, देव काय भाडेकरार बघायला येतो काय." दर्भ सामानातून आणलेला होता, केळीची पानं आणि अळू मी हमरियाच्या बाजारातून आणलं, भाजणीचे वडे केले, आमसुलाची चटणी वाटली. मोबाइल कणकेच्या डब्याला टेकवला. मोबाइलमधून गुरुजींनी मंत्र सांगितले, अण्णांनी म्हटले. सगळं झाल्यावर अण्णा तांब्या घेऊन उठले तेव्हा गुरुजी म्हणाले, "हे काय आता?"

"तांब्या. बाहेर ठेवायचा."

"हे कुठल्याच पोथीत नाही हो अण्णा."

"तुमच्या पोथीत नसेल," असं म्हणून अण्णांनी फोन पालथा घातला.

अल अमेरातमध्ये वाटसरू नसतात. चारी बाजूंना करडे, उघडेबोडके डोंगर, मध्ये पांढरी घरं, आणि माणसं गाडीतून उतरून थेट दारात. त्या उन्हात कोण पायी येणार? अण्णा सावलीत खुर्ची टाकून वाट बघत बसले. तांब्यातलं पाणी प्यायली ती समोरच्या घरातली बकरी. अण्णांनी हाकलली नाही. "तहानलेली होती," म्हणाले. पुढच्या वर्षीही तीच.

पण बकरीची तहान भागली तरी अण्णांचा प्रश्न भागत नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की ती तिथी खरी नव्हे. ती पानं जाळल्याची तिथी. मास्तर खरे कधी गेले? चुकीच्या दिवशी जेवायला बोलावलेला माणूस उपाशीच परत जातो, आणि आपण आजवर त्यांना उपाशी ठेवलं. आणि आपल्यामागे हे करणार कोणी नाही. माझा भाऊ करणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. एकदा तरी खऱ्या दिवशी करून मग जावं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

आणि मस्कत म्हणजे काय, पेंबा-झांजिबारहून परतलेल्या ओमानी लोकांचं गावच. अण्णांना हे कळलं मात्र, त्यांनी चौकशीचा फलाट उघडला. रुवीच्या बाजारात, दवाखान्याच्या रांगेत, सुपरमार्केटमध्ये भाज्यांच्या तागडीपाशी, कोणी स्वाहिलीत बोलताना दिसला की अण्णा टोपी सारखी करून पुढे. "एक्स्क्यूज मी. युवर नेटिव्ह प्लेस, पेंबा?" माणसं भली. "नो अंकल, माय फादर, झांजिबार." किंवा, "आय बॉर्न हिअर, अंकल." सगळे अदबीने सांगायचे आणि अण्णा थँक्यू म्हणून गाडी सुटल्यासारखे बाजूला व्हायचे. माझी मुलगी अकरावीत. ती दुसऱ्या काउंटरच्या रांगेत जाऊन उभी राहायची. "मम्मा, प्लीज. तू बोल ना आजोबांना. इट्स सो एम्बॅरॅसिंग."

अण्णांनी एकच चूक केली. त्यांनी फक्त पुरुषांना विचारलं. परक्या बायामाणसांशी बोलायचं नाही, ही त्यांची रीत. आणि समोरच्या बकरीची मालकीण होती बाई.

तिसऱ्या वर्षी तांब्या ठेवल्यावर ती म्हातारी काठी टेकत रस्ता ओलांडून आली. सत्तरीच्या पुढची, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा. बकरीला दोन शिव्या दिल्या असाव्यात. मग तांब्याकडे बोट दाखवून माझ्या मुलीला काही विचारलं. बरोबर तिची नात होती, माझ्या मुलीच्याच वयाची. दोघी इंग्रजीत बोलल्या. अण्णा खुर्चीत अवघडून जमिनीकडे बघत होते.

मुलीने काय सांगितलं, ते मी दारातून ऐकलं. साधारण असं: आजोबांच्या आजोबांसाठी पाणी आहे. ते वारले. पेंबात. टीचर होते.

नातीने ते स्वाहिलीत सांगितलं. म्हातारी आमच्या पायरीवर बसली, कोणी बस म्हणायच्या आत. मग तिने एकच प्रश्न विचारला, तो दोन मुलींच्या तोंडून फिरत आमच्यापर्यंत आला.

"आजोबा," माझी मुलगी म्हणाली, "ती विचारते... तो टीचर, त्याला पानांचं करून जाळलेलं, तोच का?"

अण्णा खुर्चीतून उठले. मग परत बसले.

योगायोग आहे म्हणून कोणी नाक मुरडू नये. बेट लहान, त्यावर हिंदी दुकानं थोडी, आणि पानांचा पुतळा जाळलेला मास्तर जगात किती असणार?

शुक्रवारी दुपारी आम्ही तिच्या बैठकीत गेलो. जमिनीवर गालिचे, भिंतीला टेकून गाद्या. खजूर आला, कहवा आला, आणि आमच्या पुरीसारखे फुगलेले, वेलची घातलेले गोड मंदाझी आले. अण्णांनी खजूर घेतला. भाषांतराची साखळी अशी बसली: म्हातारी, तिच्या शेजारी नात, मग माझी मुलगी, मग अण्णा. मी शेवटी. एक वाक्य तिकडून निघालं की तीन थांबे घेत आमच्यापर्यंत पोचायचं, आणि शेवटच्या थांब्यावर माझ्या मुलीचं मराठी. तिच्या मराठीत अदब नाही, आडपडदा नाही. तेवढे शब्दच तिच्याकडे नाहीत.

म्हातारीचा बाप ओमानी अरब, पेंबातल्या त्याच खेड्यात दुकानदार होता. दुकानापुढे फळीचं बाकडं, आणि संध्याकाळी शाळा सुटली की मास्तर तिथे येऊन बसायचे. ती तेव्हा लहान मुलगी. सगळं गाव त्यांना एकाच नावाने हाक मारायचं: मरहूम.

"मरहूम म्हणजे डेड," माझी मुलगी म्हणाली. "त्यांना सगळे डेड म्हणायचे."

का? तर मास्तर स्वतःच तशी ओळख करून द्यायचे. गावात नवीन माणूस आला की उठून उभे राहायचे, छातीवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, मी मेलेला मास्तर, या, बसा. मग ती कहाणी व्हायची. गावाने ती कितीदा ऐकली असेल, तरी बायका दाराआड येऊन थांबायच्या. मास्तर सगळी सोंगं काढायचे: भाऊबंदांचं, न्हाव्याचं, पानांच्या पुतळ्याचं. पुतळ्याचं सोंग काढताना बाकड्यावर ताठ आडवे पडायचे आणि नारळासारखं डोकं हलवायचे. म्हातारीने ते बसल्या जागी करून दाखवलं. नात हसली. मी हसले. अण्णांनी माझ्याकडे बघितलं.

मग म्हातारी त्या भागाकडे आली, जो आम्हाला माहीत नव्हता.

पत्रं का थांबवली, तर लाज वाटायला लागली म्हणून. दर पत्रात पुढच्या वर्षी येतो लिहायचं आणि जायचं नाही. शाळा एकट्याची, बदली माणूस मिळत नव्हता. मग मास्तरांनी ठरवलं, आता लिहायचंच नाही, थेट जाऊनच उभं राहायचं. ते जाऊन उभं राहणं लांबत गेलं.

"पण ते गेले," मुलगी म्हणाली. "आजोबा, ही म्हणते ते परत गेले होते. आपल्या गावाला."

"कधी?" अण्णा.

प्रश्न तिकडे गेला. उत्तर आलं.

"तिला वर्ष नाही माहीत. पण मुलाचं लग्न होतं. दुसऱ्या दिवशी."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मास्तरांना मुलगा एकच: रांगत होता तेव्हा सोडून गेले तो. त्याच्या त्या लग्नातून पुढे अण्णा झाले.

मास्तर खाडीच्या धक्क्यावर उतरले, कोट घातलेला, हातात छत्री. दुपारची वेळ. गावाबाहेरच्या विहिरीवर एक बाई पाणी ओढत होती. तांबडं लुगडं, डोक्यावरून पदर. मास्तरांनी विचारलं, मास्तरांचं घर कुठे? आणि बाईने पोहऱ्यावरून चेहरा वर केला.

म्हातारीने इथे आवाज बदलला. हे सोंग मास्तरांनी कसं काढलं असेल ते कळत होतं. तिने हात असा धरला, जसा वरून पाणी ओतताना धरतात.

"ती म्हणाली, मास्तर वारले," माझी मुलगी सांगत होती. "घरी मांडव आहे. उद्या मुलाचं लग्न आहे. पाणी प्या. मग तिने पाणी दिलं. मग म्हणाली, आत्ता निघालात तर बोट मिळेल."

बाहेर बकरी ओरडली.

मला पुढचं कळत होतं, आणि अण्णांनाही. तांबडं लुगडं बघून आपली पानं जाळली गेली, हे मास्तरांनाही कळलं असणार. जाळलेला माणूस परत आला तर त्यालाही आमच्याकडे विधी आहे. त्याला नव्याने जन्माला घालतात. तुपाने न्हाऊ घालायचं, बारसं करायचं, मुंज करायची, आणि मग त्याने स्वतःच्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं. हे त्या गावात, लग्नाच्या मांडवात, व्याह्यांच्या देखत, एका केस काढलेल्या बाईबरोबर करायचं होतं. मुलीकडचे त्याच पावली परत गेले असते.

"पण तिने ओळखलं कशावरून?" अण्णांचा आवाज कोरडा होता. "तिने ओळखलंच नसेल. परका समजून पाणी दिलं असेल."

मुलगी तिकडे बोलली. नात बोलली. म्हातारी हसून मान हलवायला लागली. हा प्रश्न त्या बाकड्यावर दरवेळी कोणी ना कोणी विचारायचा म्हणे, आणि मास्तर त्याच प्रश्नासाठी थांबून राहायचे.

"ते म्हणायचे, आमच्याकडे परका माणूस आला की आधी विचारतात, तुम्ही कुठले? कोणाकडचे? तिने विचारलंच नाही." माझी मुलगी पुढचं ऐकून घेऊन म्हणाली, "आणि मग ते शेवटी म्हणायचे, माझ्या विडोने मला पाणी पाजलं. फार गोड पाणी. आणि सगळे हसायचे."

म्हातारी हसत होती. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसत होती. माझ्या पणजोबांनी स्वतःच्या मरणावर गावाला जे हसवलं, ते हसू इतकी वर्षं या बाईने टिकवलं होतं. माझी जीभ कोणावर गेली आहे, तेही मला त्या गालिच्यावर बसून कळलं. ते कळून काही बरं वाटलं नाही.

अण्णांनी कहव्याचा पेला खाली ठेवला. "तिला विचार," ते म्हणाले, "ते गेले कसे. आणि अग्नी कोणी दिला."

लवंगा वाळत घातल्या होत्या. पाऊस आला. सगळं गाव लवंगा गोळा करायला धावलं, शाळेची पोरंही. परत आले तेव्हा मास्तर शाळेच्या पायरीवर भिंतीला टेकून बसलेले, गेलेले. कोणता दिवस, म्हातारीला माहीत नाही. पावसाचा.

"आणि अग्नी नाही दिला, आजोबा." मुलीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, सांग. "त्यांनी सांगून ठेवलेलं. मला एकदा जाळलं आहे, परत कशाला. म्हणून पुरलं. शाळेच्या मागे. हिच्या बाबांनी खड्डा खणला."

म्हातारीचं आणखी एक वाक्य आलं.

"आणि कोणाला त्यांची प्रेअर येत नव्हती. म्हणून मुलांनी टेबल्स म्हटले. म्हणजे... पाढे. त्यांनीच शिकवलेले."

"कुठपर्यंत?" अण्णांनी विचारलं.

तो प्रश्न तिकडे गेला आणि रिकामाच परत आला. म्हातारीला आठवत नव्हतं. येत होते तिथपर्यंत.

"बरं," अण्णा म्हणाले. उठताना त्यांनी म्हातारीला हात जोडले. तिने एका डब्यात मंदाझी भरून दिले. रस्ता ओलांडताना मी त्यांचा दंड धरला होता; एवढा हलका दंड मी कधी धरला नव्हता.

त्यानंतर चौकशीचा फलाट बंद झाला. सुपरमार्केटमध्ये अण्णा गाडीला धरून मुकाट चालायचे. कोणी शेजारी स्वाहिलीत बोललं तरी टोपीला हात जायचा नाही. मुलगी आता त्यांच्याच रांगेत उभी राहायची, पण त्यांच्या ते लक्षात आलं नसावं. जेवण कमी झालं. मी विचारलं, अण्णा, काय झालं? तर म्हणाले, "काही नाही. गाडी वेळेवर आहे." नवऱ्याने समजूत घातली, "अहो, मानाने गेले ते. गावाने प्रेमाने निरोप दिला." अण्णा म्हणाले, "हो ना." नवरा चांगला माणूस आहे. त्याने पुढे काही बोलायचं नाही, हे ओळखलं.

खरी तिथी मिळाली नाही ती नाहीच. गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, "तिथी माहीत नसली की सर्वपित्री अमावास्या. त्या दिवशी सगळे येतात, कोणाला उपाशी जावं लागत नाही." अण्णांनी ते मान्य केलं. मला वाटलं, आता सुटेल.

सर्वपित्रीला मस्कतचं ऊन अजून भाजत असतं. मी वडे तळले, खीर केली, पानं मांडली. मोबाइल कणकेच्या डब्याला टेकवला. त्या दिवशी अण्णांनी तांब्या आधीच बाहेर नेऊन ठेवला, तर्पणाच्या, पिंडांच्या, सगळ्याच्या आधी. फाटक उघडंच ठेवलं. खिडकीतून मला तो दिसत होता. बकरी आली नव्हती.

अण्णा पाटावर बसले. बोटात दर्भाचं पवित्रक, तळहातात तीळ आणि पाणी. वडिलांचं नाव घेतलं, पाणी सोडलं. आजोबांचं नाव घेतलं. मला वाटलं होतं ते तिथे अडखळतील, पण नाही. स्वच्छ आवाजात घेतलं, स्थानकावर गाडीचं नाव पुकारावं तसं, आणि पाणी सोडलं.

"छान," मोबाइलमधून गुरुजी म्हणाले. "आता पितामही. आजीचं नाव घ्या, गोत्र म्हणा."

अण्णांनी पुन्हा पाणी घेतलं. ओंजळ तशीच धरून राहिले. बोटांमधून पाणी गळून ताम्हनात पडत होतं.

"अण्णा? आवाज येतोय ना?" गुरुजी म्हणाले. "आजीचं नाव."

मुलगी दारात येऊन उभी राहिली होती. मी खूण केली, थांब. अण्णा मोबाइलकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. ते उघड्या फाटकाकडे बघत होते, आणि तिकडेच बघत, कोणी समोर उभं असावं तसं, म्हणाले,

"मोडू द्यायचं होतंस ना गो आजी, ते लग्न."